खंडेनवमीची घोंगडी

पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या पोटात श्रमवाडी नावाची वसाहत आहे. तिथे जमीन सगळ्यांची, चूल सगळ्यांची, पण कुणी जन्मभर काय करायचं ते पाच पंच ठरवतात. पोर पंधरा वर्षांचं झालं की खंडेनवमीला पंचांपुढे तळहात पसरून उभं राहतं. समोर घोंगडीवर हळदकुंकू वाहिलेली अवजारं मांडलेली असतात: छाटणीची कात्री, सुताराचा रंधा, स्वयंपाकाचा झारा, खडूचा डबा. पंच हात बघतात आणि त्यातलं एक उचलून देतात. पोराला विचारायची पद्धत नाही.

पंचांतही हात बघावे ते सहादूबाबांनीच, असं वाडीत म्हणत. बाबांनाही आपल्या नजरेचा भारी तोरा होता.

वीस वर्षांपूर्वी नवसाबाईची हर्षाली त्यांच्यापुढे उभी राहिली. गणितात अशी तयार की गुरुजी अडले तर तिला हाक मारायचे. खडू तिलाच मिळणार, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगत होतं. बाबांनी मात्र तिच्या अंगठ्याखालचा घट्टा चाचपला, मान डोलावली आणि कात्री तिच्या हातात ठेवली. खडू मिळाला महेशला. त्याचे हात मऊसूत होते, कारण त्यानं कधी इकडची काडी तिकडे केली नव्हती. बाबांना ते विद्येचं लक्षण वाटलं, आता बोला!

पंधरा दिवसांनी नवसाबाईनं रडत रडत खरं सांगितलं. तिची कंबर धरली होती. वाटणीच्या ओळी छाटून झाल्या नाहीत तर आईला बोल लागेल, या धास्तीनं पोरगी महिनाभर पहाटे उठून आईच्या ओळी छाटत होती. घट्टा त्याचा होता. बाबांनी सगळं ऐकलं, पण निर्णय बदलला नाही. पंचांचा शब्द फिरत नाही, असं ते स्वतःला बजावत राहिले. खरं सांगायचं तर, माझी नजर चुकली हे चारचौघांत म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही.

हर्षालीनं कधी तक्रार केली नाही. छाटताना ती बायकांना तोंडी हिशेब घालायची आणि हसवायची. बाबा ओळीत आले की गप्प व्हायची. तिच्या त्या गप्प होण्यानं बाबांना वीस वर्षं घास गोड लागला नाही.

यंदा तिच्या सायलीची पाळी होती. आईनं तिला बागेत पाऊल टाकू दिलं नव्हतं, त्यामुळे हातावर ओरखडासुद्धा नसेल, असं सगळे धरून चालले होते. बाबांनी तरी कुठे नीट पाहिलं? त्यांचं कधीच ठरलं होतं. त्यांनी खडूचा डबा उचलून तिच्या हातात दिला. हर्षालीनं पदर डोळ्यांना लावला आणि बाबांच्या छातीवरचा धोंडा उतरला.

जेवणं झाल्यावर सायली घोंगडी आवरायला आली. कात्री उचलून तिनं दोनदा उघडमीट केली, धारेवर अंगठा फिरवला, बोटं जिथल्या तिथे बसवली. मुरलेला छाटणीवाला धरतो तशी ती पकड होती. कुठे शिकलीस, म्हणून बाबांनी विचारलं. आई कामावर गेली की बांधावरचा जुना वेल चोरून छाटते, असं ती म्हणाली.

मग बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा एका पोराला विचारलं, "तुला काय पाहिजे व्हतं, बाई?"

"कात्री," सायली म्हणाली. "पण बाबा, आईला नका सांगू. ती आज लय हसली."

नाही सांगत, म्हणून बाबांनी मान हलवली. दोन्ही खेपांना एवढंच विचारायचं होतं, आणि तेवढंच त्यांनी केलं नव्हतं. पलीकडे हर्षाली बायकांना हसून काही सांगत होती, आणि आज बाबांना बघूनही ती थांबली नाही. सायलीनं कात्री पुसली, घोंगडीत गुंडाळली आणि खडूचा डबा घेऊन ती आईकडे गेली.