एस्तेरने सोडलेल्या सोळा मात्रा

मला वाटलं, एस्तेर मला बाटवायला बोलावतेय.

आज तिला जाऊन वर्ष झालं. म्हणून आहे तसं लिहितो.

लोणावळ्याची एस्तेर. येशूची गाणी मराठीत, पॉपच्या चालीवर म्हणायची. तिचा पहिला अल्बम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलाय. त्यातली ढोलकी माझी.

मी टाकव्याचा, बौद्ध घरातला. दिवसा वराळ्याच्या कंपनीत, शनिवार-रविवार संध्याकाळी रिसॉर्टवर शो. तिथेच आमची जोडी जमली.

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. माइक चालू आहे का, हे मी तीनदा बघायचो. रिसॉर्टवाल्यांनी प्रेमाने दिलेले पोहेसुद्धा आधी वास घेऊन खायचो.

"इन्स्पेक्टर, पोहे आहेत ते. पुरावा नाही. खा!"

ती मला इन्स्पेक्टरच म्हणायची. फक्त आमच्या दोघांत.

स्टेजवर आमचं एक ठरलेलं होतं. दुसऱ्या कडव्याआधी ती माइकपासून दोन पावलं मागे सरकायची आणि सोळा मात्रा मला सोडायची. तेवढा वेळ ढोलकी एकटी.

प्रॅक्टिसला मला उशीर झाला, तर माझ्या सोळा मात्रा ती अंगठीने स्टीलच्या बाटलीवर मोजायची. टिक, टिक, टिक. पण गाळायची नाही.

मग दुसऱ्या अल्बमचं सुरू झालं. तिचा फोन आला.

"गुरुवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये ये. रेकॉर्डिंग आहे. ढोलकी आण."

"चर्चमधी रेकॉर्डिंग? मागच्या टायमाला तर पुण्याला स्टुडिओत गेलतो आपण."

"तू ये तर. आल्यावर सगळं सांगते."

झालं! डोक्यात चक्र सुरू.

प्रार्थनेच्या हॉलमध्ये कोण रेकॉर्डिंग करतं? नेमकं गुरुवारीच का, माझ्या सुट्टीच्या दिवशी? आणि आल्यावर सगळं सांगते म्हणजे नक्की काय सांगते?

अल्बमचं नाव काय, तर 'दार उघडंय'. कुणासाठी उघडंय?

घरी आबांना, म्हणजे वडिलांना सांगितलं.

"तसं बोलली का ती?" आबा म्हणाले.

"बोलली न्हाई. पन मला वास येतो."

आबा म्हणाले,

"आपल्या आज्यानं छप्पन साली इचार करून धम्म घेतला. तो गाण्याबिण्यानं जायचा न्हाई. ती पोरगी आपल्या हितं आल्ती, तवा बुद्धाच्या मूर्तीपुढं हात जोडून गेली. तिनं इचारलं का, मला बाटवता का म्हनून?"

तरी मी गेलो नाही.

पहिल्या गुरुवारी ताप आहे म्हणून कळवलं. दुसऱ्या गुरुवारी गावात कार्यक्रम आहे म्हणालो. तिसऱ्या गुरुवारी फोनच उचलला नाही.

तिचा मेसेज आला. "इन्स्पेक्टर, तपास झाला की ये."

वाचला. उत्तर दिलं नाही.

पुढच्याच महिन्यात तिला कावीळ झाली. आठ दिवसांत गेली. दफनाला गेलो, तेही गेटबाहेर उभा राहून परत आलो.

अल्बम नंतर तिच्या भावाने, सॅमने टाकला. मी कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून ऐकला.

चौथ्या गाण्यात मध्येच सगळं बंद. नुसती टिक, टिक. मग पुन्हा गाणं सुरू. खाली लोकांच्या कमेंट, "एडिटिंग मिस्टेक आहे भाऊ."

मला वाटलं, ताल मोजायच्या मशीनचा ठोका चुकून राहिला असेल. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. करा म्हटलं आता ढोलकीशिवाय गाणी.

मी लाईकसुद्धा केलं नाही.

आज सकाळी सॅमने त्याच हॉलमध्ये तिच्या आठवणीची प्रार्थना ठेवली होती. पहिल्या अल्बमवरचं नाव बघून त्याने माझा नंबर शोधला. आमची आधी ओळख नव्हती.

मी रजा टाकून गेलो. ढोलकी नेली नाही, उगाच वाजवायला बसवतील म्हणून. चपला अगदी दाराशी काढल्या. पटकन निघता यावं.

मागच्या खिडकीला एक जुनी गादी बांधलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"स्टुडिओला पैसे नव्हते. इथल्या रेकॉर्डिंगला सगळ्या खिडक्यांना बांधल्या होत्या, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून. ही एक आई सोडू देत नाही."

"आणि गुरुवारीच का?"

"कुणाची तरी सुट्टी असते म्हणायची."

प्रार्थना झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला. चौथं गाणं लावलं, न कापलेलं. त्यात सॅमचा आवाज आला, "ताई, इथं मशीनची ढोलकी भरू?"

मग तिचा.

"काही भरू नकोस. ती इन्स्पेक्टरची जागा आहे. येईल तो."

आणि टिक, टिक, टिक. मी मोजल्या. सोळा.

आजकाल मशीनवर कुणाचाही आवाज काढतात. तेही माझ्या मनात आलं, इतका मी वाईट आहे. म्हटलं, पुन्हा लाव.

सॅमने लावलं नाही. त्याने मलाच विचारलं.

"दादा, हा इन्स्पेक्टर कोण? मी तेव्हा विचारलं, तर आला की बघशील म्हणाली. तिचा फोन लॉक आहे. मी पोलीस चौकीतसुद्धा विचारून आलो, कुणी वाजवणारे साहेब आहेत का म्हणून. लोक चूक चूक म्हणतात, पण तो येईपर्यंत मी तिथं काही भरणार नाही."

वर्षभर तो मला शोधत होता. आणि मी त्यांच्यावर संशय घेत बसलो होतो.

"मी," एवढंच म्हणालो. त्या पोराने मला धरून बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. तीच स्टीलची बाटली.

घरी आलो, आबांना सगळं सांगितलं. येत्या गुरुवारी ढोलकी घेऊन तिथे जातोय, हेही. म्हणाले, "गुरुवारी मी बी येतो."

माझी मैत्रीण होतीस. मी तुला मैत्रिणीसारखं वागवलं नाही. माफ कर.

शांत झोप, एस्तेर.

तपास झाला. येतोय.