वाकाचं नाई

जंगलात वाकाचं नाई, हे गुलाबले पोरपणीच शिकवलं होतं. उभा माणूस त्याले माणूस दिसते, वाकला का चितळ. त्याचं नाव गावात कोणी घेत नाई. 'तो' म्हंतेत, तेवढं पुरते. गुलाबची माय बायनाबाई मोहफुलं वेचाले वाकली होती. टोपली भरलेली सापडली.

गुलाब ऊर्जानगरले वीज केंद्रात ठेक्यावर लागला. जाणंयेणं जंगलातून. गाडी त्याले नकोच होती, इंजिनाच्या आवाजात मागून काय येऊन राह्यलं ते समजत नाई. म्हणून क्वार्टरमधल्या एका साहेबाची जुनी गिअरवाली सायकल घेतली. टायर जाड, सीट उंच, हँडल खाली. सायकल चांगली, पण बाभळीचे काटे तिले नेमके ओळखत, अन् तेही नाल्यावरच्या मोडक्या रपट्यापाशीच. फुस्स झालं का उतरा अन् चाकापाशी उकिडवे बसा.

एका सांजेले तो असाच ट्यूब काढत बसला अन् रातकिडे एकदम चूप झाले. चपटं चाक तसंच ढकलत, मान ताठ ठेवून तो घरी आला. बायको रिना म्हणाली, कामच सोडा. सोडून खाचं काय, हे तिलेही माहीत होतं.

मंग त्यानं चंद्रपुरात रहीमभाऊचं दुकान गाठलं. रहीमभाऊनं ट्यूब काढून फेकली, रिमले आतून पट्टी चिकटवली अन् टायरात दुधासारखं पाणी ओतलं. काटा घुसला का हे पाणी तिथं जाऊन घट्ट होते, छेद बंद.

"माह्या सासऱ्यासारखं हाये," चाक फिरवत तो म्हणाला. "एकदा फुस्स करन, मंग चूप. तुले उतराचं कामच नाई."

खरंच, हिवाळा सरत आला तरी गुलाब रपट्यावर उतरला नाई. टायर काट्यांनी भरलं होतं. रिनानं दारात उभं राहून वाट पाहणं सोडलं.

मंग एका सांजेले रपट्यावर मागून फुस्स झालं. काटा असन, होईन चूप, असं म्हणत तो चालवत राह्यला. चूप झालं नाई. सवयीनं पाय खाली टेकला, कंबर वाकाले लागली. मधातच त्यानं सीट दाबून पाह्यली. टायर दगडावानी टणक.

आवाज थांबत होता. परत येत होता. टायरची हवा अशी थांबून थांबून जात नाई.

गुलाब ताठ झाला. मागं पाह्यलं नाई, पळालाही नाई. सायकल हातात धरून चालत राह्यला. आवाज गावाच्या पहिल्या खांबापर्यंत चाकामागं होता.

घरी त्यानं चाक पाण्याच्या घमेल्यात फिरवून पाह्यलं. एक बुडबुडा आला नाई. त्यानं रिनाले सगळं सांगितलं, अन् म्हणाला, "पण मी वाकलो नाई. हे टायर टाकल्यापासून एकदाही वाकलो नाई."

रिना भिंतीले टेकलेल्या सायकलीकडं पाहत राह्यली. उंच सीट, खाली हँडल.

"तुमी हिच्यावर बसता कसे," ती म्हणाली, "कधी पाह्यलं काय?"