मुलुंडची चाळणी

परांची भिंतीपासून हातभर सुटली होती आणि सातव्या मजल्यावर माझी चार माणसं तिला धरून लटकली होती.

"काकी, वारो भरलो गो!" दत्ता वरून ओरडला. दत्ता माझा मुकादम, मालवणकडचा.

परांची म्हणजे प्लास्टर-रंगाच्या माणसांना उभं राहायला बांधलेला बांबूंचा सांगाडा. मी चौथी शिकले. नवऱ्यामागे परांचीची कंत्राटं मीच घेते. सांगाडा प्रत्येक मजल्यावर भिंतीला बांधतात. वरून हिरवी जाळी लावतात, खाली कुणाचं डोकं फुटू नये म्हणून. पण जाळीत वारा भरतो. बंध नसतील तर वाट लागली.

घोटाळा एका शब्दाचा. बिल्डरला जाहिरातीसाठी फोटो हवा होता. 'मुलुंडचा चेहरा बदलणारी इमारत' वगैरे. साइट इंजिनिअर निखिलनं वॉकीटॉकीवर सांगितलं, "दत्ता, पुढची बाजू मोकळी कर."

त्याला म्हणायचं होतं, जाळी काढ. आमच्या धंद्यात मोकळी करणं म्हणजे बंध सोडणं.

"आत्ताच?" दत्तानं विचारलं.

"अरे, फोटोग्राफर थांबलाय ना!"

दत्तानं घाईत वरचे बंध सोडले. जाळी तशीच.

"जाळी काप, मेल्या! आधी जाळी!" मी ओरडले. त्यांनी कापली. परांची डुलायची थांबली, पण भिंतीकडे काही परत येईना.

त्या इमारतीच्या पुढच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत मोठी गोल भोकं आहेत. आतल्या गॅलऱ्यांना वारा-उजेड मिळावा म्हणून आर्किटेक्ट मेघनानं ठेवलेली. बिल्डर तिला रोज ऐकवायचा, "मॅडम, ही बिल्डिंग आहे की चाळणी?" तिनं भोकं थोडी लहान केली, पण बुजवली नाहीत. आता तीच जिने चढून धावली. तिनं आणि आत काम करणाऱ्या प्लंबर लोकांनी भोकांतून दोर टाकले, परांची ओढून धरली आणि एकेकाला आत घेतलं. शेवटचा दत्ता. कमरेपर्यंत गेला आणि अडकला.

"पोट आत घे रे!" मी खालून ओरडले.

"घेतलंय गो!"

वरून मेघना खाली उभ्या बिल्डरला ओरडली, "साहेब, भोकं लहान करायला तुम्हीच लावलीत ना?"

फोटोग्राफरनं नेमका तोच फोटो काढला. उघडी भिंत आणि भोकातून बाहेर आलेले दत्ताचे पाय. तो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. रिक्षावाले "चाळणीला सोडू?" विचारायला लागले. आधी त्या रस्त्यावर गॅरेजं आणि भंगारवाले होते. आता बँक आहे, दवाखाना आहे, केकची दुकानं आहेत. समोरच्या टॉवरनंही भोकं पाडलीत. मागे गॅलरी नाही, नुसती भोकं. बिल्डर सांगत फिरतो, आयडिया त्याचीच. सांगू दे. मेघनाला त्याच रस्त्यावर आणखी इमारती मिळाल्या. परांची माझी.

आमच्या साइटवर 'मोकळी कर' बंद केलंय. जाळी काढायची तर 'जाळी काढ' म्हणायचं. बंध सोडायचे तर आधी मला विचारायचं.

त्या दिवशी परांचीवर दत्ता, बाबू, संतोष आणि इक्बाल होते. चौघेही जिवंत आहेत.