सुनंदाच्या चालीनं देवगिरी

आमच्या गारखेड्याच्या घराला गच्चीवर जायला एकोणीस पायऱ्या आहेत. फेब्रुवारीत माझ्या बायकोची, सुनंदाची, अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून तिनं त्यातली एकही चढली नव्हती. "हळूहळू सगळं करा," असं डॉक्टर प्रत्येक वेळी सांगायचे. ही मात्र पहिल्या पायरीपाशी यायची, छातीवर हात ठेवायची आणि परत फिरायची. कपडे वाळत घालायची बादली माझ्याकडं आली. शेवटी डिसेंबरात डॉक्टरांना विचारून मी जाहीर करून टाकलं, रविवारी देवगिरी!

"मी पायथ्याशी बसून पेरू खाईन," सुनंदा म्हणाली. "वर तुम्ही जा."

आयुष्यात कधी डोंगर चढला नसेल, तर सुरुवात इथूनच करा. मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबादकडं जाणारी लाल गाडी पकडायची, ती किल्ल्याच्या दारात सोडते. बायकांना अर्धं तिकीट. पाणी आणि बॅटरी जवळ ठेवा. खाऊ मात्र पिशवीतच, कारण इथली माकडं लई हुशार आहेत.

पहिला टप्पा जवळपास सपाट. चांद मिनार दिसला आणि आम्ही दोघं एकदमच "अबब!" म्हणालो. एवढी शतकं हा पठ्ठ्या ताठ उभा आहे, आणि आम्ही आठवड्यातून दहा वेळा पाठदुखीची तक्रार करतो.

मी वाळूजच्या कारखान्यात सव्वीस वर्षं लाईन सुपरवायझर. सवयीनं घड्याळ लावलं. खंदकाचा पूल वीस मिनिटांत, तिथून माथ्याजवळची बारादरी पाऊण तासात. "चल, चल" करत मी पुढं सुटलो. पुलावर पोचून मागं वळलो, तर सुनंदा लांब कठड्यावर बसलेली, चेहरा उतरलेला, हात छातीवर. मी धावत गेलो.

"दुखतंय का गं?"

"दुखत नाय. भीती वाटती. तुम्ही पळता ना, मग मला वाटतं, मी मागं पडले म्हणजे आत काहीतरी बिघडलंच."

मी शेजारी टेकलो. मग तीच म्हणाली, "तुमच्या लाईनवर सगळ्यात हळू स्टेशन असतं, त्याचं काय सांगता हो तुम्ही जेवताना?"

घ्या! नव्या पोरांना मीच शिकवतो, की लाईन सगळ्यात हळू स्टेशनच्या, म्हणजे कामाच्या टप्प्याच्या, चालीनं चालते. बाकीच्यांनी घाई केली तर नुसता ढीग साचतो. घरी शंभरदा ऐकवलं असेल. आणि इथं हा शहाणा एकटाच पुढं पळत होता. लाज वाटली. घड्याळ काढून खिशात टाकलं. "तू पुढं हो. मी मागं."

अंधारीत, म्हणजे डोंगराच्या पोटातल्या काळोख्या वाटेत, वटवाघळांचा वास आणि हाताला गार दगड. सुनंदानं बॅटरी स्वतःकडं घेतली. बाहेर पडल्यावर ती पायरीवर टेकली. शेजारी कन्नड तालुक्याकडची एक आजी अनवाणी बसली होती.

"दमलीस व्हय, बाई? बस की. किल्ला कुठं पळून चाललाय?"

सुनंदा खळखळून हसली. मीठ-तिखट लावलेला पेरू तिघांनी वाटून खाल्ला. मग दहा पायऱ्या, थांबा. दहा पायऱ्या, थांबा. थांबल्यामुळं मलाही दिसलं, की अख्खा डोंगर तासून त्याची भिंत केली आहे. ती कुणाच्या हातांनी केली असेल? मी मनातल्या मनात हात जोडले.

बारादरीत वारा भणाणत होता. खाली हिरवी-पिवळी शेतं, लांब धुरकट शहर. सुनंदानं छातीवर हात ठेवला. मी घाबरून पाहिलं.

"धडधडतंय," ती म्हणाली, "पण हे चढल्याचं आहे हो. मला ओळखता येतंय आता."

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

खाली पिठलं-भाकरी खाल्ली. परतीच्या गाडीत निम्मी वाट उभं राहावं लागलं, तेवढी तयारी ठेवा. फोटो धड एकही आला नाही.

सोमवारी पहिली पाळी करून घरी आलो. दाराशी ओल्या कपड्यांची बादली नव्हती. हाक मारणार, तेवढ्यात वरून आवाज आला.

"अहो, चिमटे खालीच राहिलेत. घेऊन या. आणि पळू नका, सावकाश या."