अत्तारबाईंच्या खुर्चीतले रूळ

डॉक्टर अत्तारांनी माझे रूळ दातांच्या खुर्चीत आडवे निजवले, वरचा दिवा ओढून त्यांच्यावर धरला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही स्टुलावर बसा. तुमचं ऐकून झालं, आता पेशंटला विचारू."

हे रूळ म्हणजे छोट्या आगगाडीचे, हातभर लांबीचे. मी ते मोठ्या हौसेनं आणले होते. बारीक लोखंडी रंगाची पट्टी, खाली लाकडासारखे दिसणारे स्लीपर, त्यांच्यावर खिळ्यांची डोकीसुद्धा. बाईंनी तोंडात घालायचा तो छोटा आरसा काढला, रुळांच्या पोटाखाली सरकवला आणि टोकदार सळईनं एकेक जोड टोकरून पाहिला. मग विचारलं, "चांगले आहेत हे कुणी सांगितलं?"

"दुकानदारानं."

"त्याचं दुकान आहे. तो काय सांगणार?"

बाईंची आणि माझी ही पहिली भेट. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दवाखान्यावरची पाटी तेव्हा उतरली होती, पण खुर्ची आणि दिवा जागेवर होते. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा हौशी माणसं तिथे जमत असू. बहुतेक निवृत्त, आणि घरच्यांनी "तुमचा तो पसारा बाहेर न्या" असं सांगितलेली. प्रत्येकानं आपापल्या घरी एका फळीवर रूळ, झाडं, फलाट असं उभं करायचं आणि प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्या फळ्या एकमेकींना जोडून त्यांवरून गाडी फिरवायची, असा आमचा बेत. एकाची फळी बिघडली की सगळ्यांची गाडी अडली. त्यामुळे रूळ कोणते घ्यायचे यावर आमच्यात कायम खडाजंगी. खरे दिसणारे नाजूक असतात. दणकट असतात ते जाड, करडे, प्लॅस्टिकच्या खडीसकट येतात आणि खेळण्यातले दिसतात. आमचे चिटणीस साठे दणकटवाले. मी चित्रकलेचा मास्तर, म्हणजे दिसण्याच्या पक्षाचा. बाईंचा दोघांवरही विश्वास नव्हता.

विश्वास त्यांचा तसा कशावरच नव्हता. बेकरीवाला म्हणाला, "पाव आजचाच आहे," तर त्या विचारत, "किती वाजताचा?" जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावल्याचा हा परिणाम असं त्यांचं म्हणणं. "माणसाचं तोंड उघडं असतं तोवर तो खरा असतो. मिटलं की 'रोज दोनदा घासतो' सुरू." त्यांचं घराणं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं, आजोबांचं अत्तराचं दुकान होतं, आणि मराठी माझ्यापेक्षा चोख. मी एकदा घाईत "माझी मदत करा" म्हणालो, तर हातातलं काम थांबवून म्हणाल्या, "मला मदत करा. गोडबोले, तुम्हीच असं बोलायला लागलात तर आम्ही कुणाकडे बघायचं?" आडनावावरून तर त्यांनी मला सळो की पळो केलं होतं. "नावातच गोड बोलणं. अशा माणसाचे रूळ दोनदा तपासले पाहिजेत."

आणि तपासत. डबा रुळावर ठेवून त्या पुढे ओढत नसत, बोटानं उलटा ढकलत. "पुढे काय, सगळेच नीट जातात. मागे ढकला, म्हणजे खोड कळते." माझा डबा उलटा जाताना दोनदा घसरला. जोडापाशी पट्टीचं टोक केसभर वर होतं. त्यांनी कानस लावून ते स्वतः घासून दिलं, मला शिकवलं आणि रूळ पास केले. तरी पुढचे दोन रविवार जाता-येता रुळांकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या. मला वाटलं, बाईंना कौतुक करणं जड जातंय. शेवटी न राहवून विचारलं, "आता काय खुपतंय?"

"दात सुंदर आहेत हो. पण जबडा अरुंद वाटतो."

हा जबडा काय, ते बघायला आम्ही एका स्टेशनवर गेलो. फलाटाच्या टोकाला सिमेंटचे जुने स्लीपर रचून ठेवले होते. बाई त्यांचे फोटो घेत होत्या, मी टेप लावून आकडे सांगत होतो. तेवढ्यात एक गणवेशातला माणूस आला. "काय चाललंय?" बाईंनी सांगितलं. त्याला हसू आलं, आणि तो जाणारच होता, पण जाता जाता त्यानं बाईंचं कार्ड मागितलं. वरचं नाव वाचलं आणि त्याचा आवाज बदलला. फोन दाखवा, फोटो कुणाला पाठवता, राहता कुठे, इथे कुणी पाठवलं. टेप माझ्या हातात होती. मला त्यानं नावसुद्धा विचारलं नाही. मी मध्ये पडून तावातावानं बोलायला लागलो, तर बाईंनीच हातानं थांबवलं आणि त्याच्या प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलं, 'अहो-जाहो' करत.

परतताना रिक्षात माझा संताप संताप झाला होता. बाई म्हणाल्या, "संशय घ्यायला माझी ना नाही. मीही घेते. पण मग तपासावं आणि मोकळं व्हावं. त्याला तपासायचं नव्हतं, त्यानं फक्त वाचलं." इतकंच. पुढे लगेच स्लीपरवर आल्या. आपल्याकडची मोठी लाइन परदेशातल्यापेक्षा रुंद, म्हणून विकतच्या रुळांवर आपली गाडी चुकीची वाटते. डब्यांची चाकं ठरलेली, तेव्हा रूळ काही लांब सरकवता येत नाहीत. पण स्लीपर दोन्हीकडून जरा आखूड केले की तेच रूळ रुंद भासतात. नजर फसवायची ही युक्ती सांगताना त्यांचा चेहरा पुन्हा उजळला. माझ्या आडनावाचा विनोद मात्र त्या दिवसानंतर त्यांनी कधीच केला नाही.

बाईंनी मग विकतचे रूळ सोडून दिले. लाकडाच्या काड्या कापून एकेक स्लीपर केला, त्यावर पट्टी बसवली, जोडांना हातानं कथलाचे डाग दिले. ही फळी पुरी व्हायला फार दिवस लागले, कारण उजवा हात थरथरायला लागला होता. त्याच हातापायी त्यांनी दवाखाना बंद केला होता. "ही एक होऊ दे," त्या म्हणायच्या, "प्रदर्शनात हिच्यावरून गाडी गेली की कानस तुम्हाला." ती फळी मी पाहिली आणि खरं सांगतो, मला माझ्या रुळांची लाज वाटली. वाटत होतं, आता यावरून खरीखुरी गाडी धडधडत येईल.

प्रदर्शनाच्या सकाळी, शाळेच्या हॉलमध्ये, फळ्या जोडल्या. माझ्या शेजारी बाईंची. लोक दाराशी येऊन थांबले होते. गाडी सुटली, माझ्या फळीवरून डौलात गेली आणि बाईंच्या फळीवर चौथा डबा आडवा झाला. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच. साठे पुटपुटले, "मला त्या हातच्या कामाचा भरवसा नव्हताच."

माझं डोकं फिरलं. "बाईंच्या फळीत दोष? शक्यच नाही! आधी तुमची फळी बघा."

बाईंनी दोघांकडेही पाहिलं नाही. आरसा घेतला, वाकल्या, सळई फिरवली. सळई जोडापाशी अडली. डाग सुटून पट्टीचं टोक उचललं होतं. "माझ्याच फळीत आहे," त्या म्हणाल्या. "आता इथे नीट होणार नाही. काढा ही. साठे, तुमचे जाड रूळ टाका मध्ये." आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू, "तुम्ही न तपासताच विश्वास टाकलात, गोडबोले. त्यांनी न तपासताच टाकला नाही. मला दोन्ही चालत नाही."

तिच्या जागी लावलेल्या कोऱ्या फळीवर साठ्यांचे करडे रूळ बसले आणि गाडी दिवसभर बिनघोर फिरली. मुलं टाळ्या वाजवत होती. बाई भिंतीशी उभ्या राहून शेवटपर्यंत बघत होत्या. त्यांची फळी टेबलाखाली, चादरीत गुंडाळलेली. त्यानंतर त्यांनी रुळाला हात लावला नाही, आणि वर्षभरातच त्या गेल्या.

त्या संध्याकाळी फळी रिक्षात ठेवताना मी विचारलं होतं, "बाई, सगळ्यांचे डबे तुम्ही उलटे ढकललेत. तुमच्या फळीवर नाही ढकलला?"

त्यांनी थरथरणारा हात ओढणीखाली घेतला.

"संशय होता हो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर नाही ढकलला."