डावीकडचा प्रवाह, उजवीकडचा प्रवाह

दिवाळीच्या सुट्टीत बाबा भद्रावतीहून माझ्याकडे चामोर्शीला राहायला आले. मी इथल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात संशोधन करते, एवढं त्यांना माहीत होतं. एका दुपारी त्यांनी माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली.

"तू नेमकं काय करून राह्यली, ते मले समजाव."

घरात आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. बरं वाटलं, जराशी धास्तीही वाटली. मी सांगितलं, धुळीच्या कणाहून कितीतरी लहान अशी एक जागा असते, तिला क्वांटम डॉट म्हणतात. तिथे एक इलेक्ट्रॉन सुखाने राहतो; दुसरा आला की दोघं एकमेकांना जोराने ढकलतात. दोन्ही बाजूंना तारा जोडून व्होल्टेज दिलं, तर त्या रेटारेटीतून किती प्रवाह जाईल, ते मी गणिताने काढते. पण माझ्या गणितात डावीकडून जेवढा प्रवाह आत येत होता, तेवढा उजवीकडून बाहेर पडत नव्हता. सगळं स्थिरावल्यावर दोन्ही सारखेच हवेत. अख्खा पावसाळा मी अधिक-उण्याची चूक शोधण्यात घालवला होता.

बाबांचं आयुष्य कारखान्यात विजेच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलं. ते म्हणाले, "कुठी लीक होत असन."

कागदावर लीक होत नाही, असं मी म्हटलं.

"काऊन नाई?"

का नाही, ते सांगायला मी पहिल्या पायरीपासून सुरुवात केली आणि मध्येच थांबले. रेट्यामुळे इलेक्ट्रॉनची चाल बदलते. पण रेट्याचा हिशेब मी जुन्या, न बदललेल्या चालीवरून केला होता. अधिक-उणे ठीक होतं. पद्धतच अपुरी होती.

मग बदललेली चाल हिशेबात घातली, तिच्यातून आलेली नवी चाल परत घातली, आकडे हलायचे थांबेपर्यंत. बाबा बाजारातून वांगी घेऊन आले, तोवर लॅपटॉप तापला होता. मी त्यांना दोन्ही प्रवाहांचा आलेख दाखवला. त्यांना एकच रेघ दिसली. दुसरी तिच्या खालीच आहे, दोन्ही तंतोतंत जुळल्यात, हे सांगताना माझा आवाज चढला असावा.

पण शेजारच्या आलेखात, इलेक्ट्रॉन कुठल्या ऊर्जेला सापडतो ते दाखवणाऱ्या, भलतंच झालं होतं. एकट्या इलेक्ट्रॉनचा एक उंचवटा आणि दुसरा आल्यावरचा एक, असे दोन वेगळे दिसायला हवेत. जुन्या पद्धतीत ते स्पष्ट होते. आता एकमेकांत विरघळले होते.

"मंग खरं कोणतं?" बाबांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं, आणि तसंच सांगितलं. व्होल्टेज नसताना बरंच उमगलं आहे. ते दिल्यावर काय होतं, यावर जगभर माणसं डोकं खपवतायत. बाबा हिरमुसले नाहीत. व्होल्टेज कमी केलं तर उंचवटे परत दिसतील का, असं त्यांनी विचारलं. ते मलाही बघायचं होतं. मी व्होल्टेज निम्म्यावर आणून गणित पुन्हा सुरू केलं, आणि बाबा तिथेच बसून वांगी चिरू लागले.