मंगळवार-गुरुवारची फेअर वही

फेब्रुवारीत मुलीच्या शाळेतून आलेल्या पत्रात चारच ओळी होत्या, आणि मला राग यायला त्यातल्या दोन पुरल्या. बाईंनी लिहिलं होतं की शुक्रवारी दुपारी भेटायला यावं, मुलीने एप्रिलमध्ये पाचवीत जावं की आणखी एक वर्ष चौथीतच राहावं याबद्दल बोलायचं आहे. येताना घरच्या दिवसांचे सगळे कागद आणावेत, अर्धवट राहिलेले आणि चुकलेलेही.

चुकलेले कागद आपल्या घरात नसतातच, असं मी बायकोला ठणकावून सांगितलं. ती डबे धूत होती. तिने मान न वळवता विचारलं, "मग कुठे असतात?"

बायको जपानी आहे. तिचं मराठी पंधरा वर्षांचं झालंय आणि नेमकं दुखतं तिथे बोट ठेवण्याइतकं चांगलं आहे. शिकवलं मीच, त्यामुळे तक्रारीलाही जागा नाही.

शाळा योकोहामातल्या आमच्या घराजवळच, चढावरच्या एका छोट्या चर्चच्या वरच्या दोन मजल्यांवर. सासूबाई त्याच चर्चच्या. मुलगी तिसरीपर्यंत सरकारी जपानी शाळेत होती आणि रोज पोट दुखतं म्हणायची, म्हणून आम्ही तिला इथे घातलं. इथली पद्धत अशी: सोमवार, बुधवार, शुक्रवार मुलं शाळेत, मंगळवार आणि गुरुवार घरी, आणि त्या दिवशी आईबापांपैकी एकाने शिकवायचं. काय शिकवायचं याचा तक्ता शाळा देते. दिवस संपला की तक्त्याखाली सही करायची, आणि सहीच्या वर एक वाक्य छापलेलं असतं: आजचं काम मुलाने माझ्यासमोर स्वतः केलं. बायको बंदराजवळच्या मालवाहतुकीच्या कंपनीत रोज ऑफिसला जाते. मी सॉफ्टवेअरवाला, आठवड्यातून दोन दिवस घरून काम. म्हणून मास्तर मी.

प्रवेशाच्या वेळी पाद्रीसाहेबांनी विचारलं होतं की घरच्या दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होईल, तुम्हाला चालेल ना. मी म्हटलं, आमच्या फ्रिजवर गणपती आहे, तो एकटाच असतो, त्यालाही सोबत होईल. ते हसले नाहीत. बायकोने माझ्या वाक्याचं भाषांतर 'हो' असं केलं.

पहिल्याच आठवड्यात मी तिची दहा गणितं तपासली, दहाही बरोबर, आणि कौतुकाने दहा टिकमार्क केले. मुलगी रडायला लागली. जपानात बरोबर उत्तराला गोल करतात, टिकमार्क चुकलेल्याला. सरकारी शाळेत तीन वर्षं काढलेल्या पोरीला बापाने दहापैकी शून्य दिलं होतं. तेवढी चूक मी लगेच सुधारली आणि आता आपण तयार मास्तर झालो असं ठरवून टाकलं.

मग मी माझी पद्धत आणली. पुण्यात आमच्या शाळेत एक रफ वही असायची आणि एक फेअर. रफमध्ये कसंही लिहा, पण बाईंच्या टेबलावर जाणार ती फेअर: समास आखलेली, खाकी कव्हर घातलेली, एकही खाडाखोड नसलेली. विज्ञानाचं जर्नल मी एकदा तीन वेळा उतरवून काढलं होतं, कारण शेवटच्या पानावर शाईचा ठिपका पडला होता. प्रयोग काय होता ते आज आठवत नाही. ठिपका आठवतो.

तेच मी इथे केलं. मुलीने आधी पाठकोऱ्या जाहिरातींच्या कागदांवर गणितं सोडवायची. मी बघायचो, चुकलं की म्हणायचो, असं नाही, असं. आणि पायऱ्या सांगत जायचो. मग तिने ते सगळं वहीत सुंदर अक्षरात उतरवायचं, आणि मी खाली सही ठोकायची. रफ कागद मी गोळा करायचो. आमच्याकडे जुने कागद न्यायचा वार ठरलेला असतो. वर्तमानपत्रं वेगळी, पुठ्ठे वेगळे, बाकी कागद वेगळे, सगळं दोरीने बांधून सकाळी आठच्या आत खाली ठेवायचं. मी दर वेळी ठेवलं. इतक्या शिस्तीने कुणी पुरावा नष्ट केला नसेल.

प्रार्थनेचंही सांगतो. घरच्या दिवशी सकाळी मुलगी डोळे मिटून जपानीत स्वतःच्या मनाची प्रार्थना करायची, मी हात जोडून शेजारी बसायचो आणि डाव्या डोळ्याने ऑफिसची मेल बघायचो. तिची प्रार्थना बहुतेक वेळा एकच असायची: आज पहिल्याच वेळी बरोबर येऊ दे. मला त्याची फार गंमत वाटायची. तोक्योत फुनाबोरीला मित्राकडे गणपतीत जमलो होतो तेव्हा मी हा किस्सा नकलेसकट सांगितला. लोक खूप हसले. मीही हसलो.

तर पत्र आलं, आणि शुक्रवारपर्यंतचे चार दिवस मी रागात काढले. माझा निष्कर्ष तयार होता: मी रविवारी चर्चला जात नाही म्हणून हे चाललंय. बायकोने आठवण करून दिली की शाळेतल्या निम्म्या मुलांचे वडील रविवारी झोपलेले असतात. मग मी दुसरा निष्कर्ष काढला, की माझी मुलगी इतकी चांगली आहे की त्यांना संशय येतोय. हा मला जास्त आवडला. गुरुवारी, घरच्या दिवशी, धडा सोडून मी पाचही वह्यांना नवी कव्हरं घातली. खाकी कागद मिळाला नाही, म्हणून डिपार्टमेंट स्टोअरच्या वेष्टनाचे कागद उलटे करून वापरले. मुलगी बघत होती. तिने विचारलं की मी चौथीत राहिले तर माझी मैत्रीण पाचवीत एकटी जाईल का. तिची शाळेत एकच मैत्रीण आहे. मी म्हटलं, कुणी कुठे एकटं जात नाही, कात्री दे.

शाळेत शिरताना बूट काढून पाहुण्यांच्या स्लिपर घालाव्या लागतात. त्या माझ्या अर्ध्या पायाला पुरतात. टाच बाहेर लटकत असताना माणसाला रागाने चालता येत नाही, घसटत जावं लागतं. तसा घसटत मी वर गेलो, छोट्या खुर्चीवर बसलो आणि पाच वह्या बाईंसमोर ठेवल्या.

बाई जपानी, पण माझ्याशी इंग्रजीत बोलतात, सावकाश. त्यांनी प्रत्येक वही उघडली, पानं उलटली. फार सुंदर आहेत, म्हणाल्या. मी बरं वाटून घेतलं. मग त्यांनी वह्या नीट एकावर एक रचल्या आणि विचारलं, "आणि तिच्या?"

मी म्हटलं, या तिच्याच. अक्षर बघा.

अक्षर तिचं आहे, असं म्हणून त्या उठल्या आणि शेजारच्या वर्गातून मुलीला घेऊन आल्या. फळ्यावर त्यांनी एक छेद दोन अधिक एक छेद तीन लिहिलं. हा धडा आम्ही नोव्हेंबरमध्ये संपवला होता. वहीत अशी चोवीस गणितं होती आणि चोवीसही बरोबर. मुलीने खडू घेतला आणि दोन छेद पाच लिहिलं. वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात.

माझं तोंड उघडलं होतं. 'असं नाही' इथवर शब्द आले होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसता हात वर केला, आणि मुलीला विचारलं की तू हे कसं केलंस. मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

"बाबांकडे नको, फळ्याकडे बघ," बाई म्हणाल्या.

तेव्हा मुलगी फळ्याकडे बघत जपानीत बोलली. एवढं जपानी मला कळतं. "चुकलेलं बाबा घेऊन टाकतात. मला ते परत बघायला मिळत नाही."

बाईंनी तिला वर्गात पाठवलं. मग सावकाश सांगितलं की घरून येणाऱ्या चुकांवरूनच त्या शाळेतले तीन दिवस ठरवतात. कोण कुठे अडलं ते त्यावरून कळतं. आमच्या मुलीचं कधी काही अडलेलंच दिसलं नाही. "मी वर्षभर तुमच्या सहीवर पुढचा धडा घेत गेले."

मी भडकलो. आवाज चढला, तो त्या शाळेत कुणाचा चढत नाही. म्हटलं, आठवड्यातले तीन दिवस ती तुमच्यासमोर असते, तुम्हाला दिसलं नाही? बाई म्हणाल्या, वर्गात विचारलं की ती म्हणायची, घरी बघून सांगते. मला वाटलं लाजाळू आहे. ती माझी चूक. आणि त्यांनी ते समोरच्या कागदावर खरंच लिहून ठेवलं. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. मी चार दिवस भांडणाची तयारी करून आलो होतो आणि या बाईने आपली चूक दोन शब्दांत कबूल करून पेनाचं टोपण लावलं होतं.

शेवटी ठरलं ते असं: मार्च संपेपर्यंत घरच्या दिवसांचे कागद जसे असतील तसे यावेत. पेनने लिहिलेले. खोडरबर नाही. त्यावरून पाचवी की चौथी ते बघू. शाळा सुटल्यावर मुलीला घेऊन निघालो, तर जिन्यात माझी एक स्लिपर निसटून खाली गेली. मुलीने ती वर आणून दिली.

उतारावर ती वह्यांची पिशवी घेऊन माझ्या पुढे चालत होती. अर्ध्यात थांबली आणि या वेळी मराठीत म्हणाली, "तू माझ्यावर रागावलायस?"

मी म्हटलं, नाही.

"मग कुणावर?"

सांगायला माणसांची कमतरता नव्हती. बाई होत्या, पाद्रीसाहेब होते, पुण्यातल्या बाई होत्या, शाईचा ठिपका होता. फुनाबोरीत माझ्या नकलेवर हसलेले लोकही होते. वर्षभर दर मंगळवारी आणि गुरुवारी पोरगी माझ्या शेजारी बसून देवाकडे मागत होती की माझ्या तावडीतून सुटू दे, आणि मी त्याचा किस्सा केला होता. मी तिच्या हातातून पिशवी घेतली आणि चल म्हटलं.

संध्याकाळी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तू ऑफिसात नक्की काय करतोस. पंधरा वर्षांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं. मी म्हटलं, टेस्टिंग. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो, लिहून ठेवतो.

"पुसून टाकत नाहीस?"

"पुसल्या तर नोकरी जाईल."

ती कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. दार तिने नेहमीपेक्षा जोरात लावलं, म्हणजे तिलाही राग आला होता हे कळलं.

पुढच्या मंगळवारी मुलीने डोळे मिटले. मी लॅपटॉप बंद करून ऐकत होतो. आज बाबाला गप्प बसू दे, अशी प्रार्थना झाली. मी आमेन म्हटलं. मग मी मांडीखाली हात घालून बसलो, कारण माझा उजवा हात आपोआप तिच्या वहीकडे जातो. तिने बारा गणितं केली, पेनने. नऊ चुकली. तिसऱ्या गणिताला मी पाणी प्यायला उठलो, पाचव्याला गॅलरीत जाऊन आलो, आठव्याला मला ती, शाळा आणि अपूर्णांक शोधणारा जो कोणी होता तो, सगळ्यांचा इतका संताप आला की मी संडासात जाऊन बसलो. परत आलो तेव्हा तिने तक्ता माझ्यासमोर सरकवला होता. आजचं काम मुलाने माझ्यासमोर स्वतः केलं. मी सही केली. पेन कागदातून आरपार गेलं.

असे मार्चअखेरपर्यंत नऊ दिवस झाले. मग पत्र आलं: मुलीने पाचवीत जावं, गणिताला मात्र चौथीच्या मुलांबरोबर बसावं. तिने एवढंच विचारलं की डबा मैत्रिणीबरोबर खाता येईल का. येईल म्हटल्यावर तिचा विषय संपला. माझा संपला नाही. सासूबाईंनी फोनवर अभिनंदन केलं तेव्हा मी जरा तुटकच बोललो.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी ती पुन्हा एक छेद दोन अधिक एक छेद तीनशी येऊन ठेपली. दोन छेद पाच लिहिलं. त्याकडे बराच वेळ बघत बसली. मग शेजारी दोन पोळ्या काढल्या, एकीचे दोन तुकडे केले, दुसरीचे तीन, आणि स्वतःशीच जपानीत म्हणाली की अर्ध्या पोळीत आणखी पोळी घातली तर अर्ध्यापेक्षा कमी कशी होईल. आधीचं उत्तर एका रेघेने काटलं. दोन्ही पोळ्यांचे सहा-सहा तुकडे केले आणि पाच छेद सहा लिहिलं. त्याला स्वतःच गोल केला. काटलेलं खाली तसंच दिसत होतं.

मला तिने विचारलंच नाही. वर्षभर घसा कोरडा करून जे मला शिकवता आलं नाही ते मी गप्प बसल्यावर पंधरा मिनिटांत झालं, याचाही मला रागच आला. वहीला कव्हर घालू का, मी विचारलं. नको म्हणाली, आणि सहीसाठी तक्ता पुढे केला.